वाळूची उशी

आमच्या घरात दोन यंत्रं. एक माझं शिलाईचं, लग्नाआधीपासूनचं, कधी रुसलं नाही की आजारी पडलं नाही. दुसरं यांचं, गवत कापायचं. चार चाकांचं, पोटाखाली पाती, वर ऐसपैस सीट, बसून चालवायचं. माझ्या यंत्राला वर्षातून कधी तेलाचा थेंब मिळाला तर मिळाला. यांच्या यंत्राचे मात्र पोटच्या पोरासारखे लाड. लेक लहान असताना एकदा म्हणाली होती, बाबांना माझी इयत्ता विचार, सांगता येणार नाही, आणि त्या यंत्राच्या पट्ट्याचं माप विचार, झोपेत सांगतील. खोटं नव्हतं ते.

हे खेळाच्या मैदानावर कामाला होते. गवत कापायचं, पाणी द्यायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या. पुढे कोणा शहाण्याच्या डोक्यात आलं आणि मैदानावर प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. प्लॅस्टिक काही वाढत नाही, त्यामुळे यंत्र मोडीत निघालं आणि पाठोपाठ यांनाही निवृत्त केलं. दोघं एकाच टेम्पोतून घरी आले. आमचं घर गल्लीच्या टोकाला, मागे उताराचं मोठं आवार, त्यात गुडघाभर गवत. हे खाली उतरले, आवाराकडे बघितलं आणि म्हणाले, चला, काम आहे.

आता त्या सीटखालच्या स्प्रिंगचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरून. सीटखाली एक स्विच असतो. माणूस बसला की सीट खाली दबते, स्विच दबतो, आणि पाती फिरतात. माणूस उठला की सीट वर येते आणि इंजिन जागच्या जागी बंद. मैदानावर यांच्या जोडीदाराच्या यंत्राची स्प्रिंग म्हातारी झाली होती. तो दगड बाजूला करायला उतरला, सीट दबलेलीच राहिली, पाती फिरतच राहिली, आणि त्याच्या पायाची बोटं गेली. यांनी ती स्वतः रुमालात गोळा केली होती. त्या दिवसापासून हे स्विचच्या बाबतीत कोणाचं ऐकायचे नाहीत. मोडीतल्या एका ट्रकच्या सीटची जाड स्प्रिंग काढून आणली आणि आपल्या यंत्रात बसवली, अगदी स्वतःच्या वजनाच्या मापाने. यांचं वजन म्हणजे काय सांगू, दारात उभे राहिले की मला सुईत दोरा ओवता यायचा नाही, सगळा उजेड अडायचा. मैदानावरची किडमिडी पोरं त्या यंत्रावर बसली की ते ढिम्म हलायचं नाही. यांना त्याचा कोण अभिमान. माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही म्हणायचे.

यांच्या पँटी मीच शिवायची. त्यामुळे माणूस वाळायला लागला हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. गेल्या वर्षी कंबर थोडी आत घेतली. मला वाटलं, वयाचं असेल. मग पुन्हा घेतली. मग पट्ट्याला नवी भोकं पाडली. या वर्षी तर अशी वेळ आली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला लागले आणि पँट उसवून नव्यानेच बेतावी लागली. जेवण चिमणीएवढं. सदऱ्याच्या गळपट्टीतून मान अशी वर आलेली, आणि विचारलं तर म्हणायचे, उतारवयात माणूस हलकाच बरा.

डॉक्टरकडे चला म्हटलं की मात्र तोंडाला कुलूप. यांचे थोरले भाऊ चालत दवाखान्यात गेले होते आणि चालत परत आले नव्हते, ते यांच्या डोक्यात बसलेलं. मी रागावले, रडले, जेवण बंद करायची धमकी दिली. काही म्हणता काही होईना. लेक फोनवर रोज विचारायची, नेलं का, आणि मी रोज नाही म्हणायची. शेवटी एकदा फोन मी सरळ यांच्या कानाला लावला. तिकडून पोरगी रडत होती. हे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, यंत्र दुरुस्त होऊ दे, सगळं आवार एका दमात कापतो आणि दुसऱ्या दिवशी जातो. शब्द दिला.

यांनी आयुष्यात शब्द दिला आणि मोडला असं झालेलं नाही. म्हणून माझा जीव त्या यंत्राला टांगला गेला.

यंत्राचं दुखणं असं होतं. मागच्या मोसमात खड्ड्यावरून गेलं की गचकन बंद पडायचं. या मोसमात खड्डाही लागेना. किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायचं, पण ब्रेक सोडून पाती फिरवायला घेतली की दोन-चार आचके देऊन गप्प. हे खाली उतरायचे, कमरेवर हात ठेवून बघत राहायचे आणि मग पाना हातात घ्यायचे.

कार्बोरेटर निघाला. माझ्या कापड बेतायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं, त्यावर त्याचे सगळे अवयव ओळीने मांडले गेले, आणि खोलीभर पेट्रोलचा वास. कोणाचा तरी नवा झगा त्या वासासकट द्यावा लागला मला. कार्बोरेटर स्वच्छ झाला, बसला, यंत्र बंद पडलं. प्लग बदलला, बंद पडलं. टाकी उपसून धुतली, नळी बदलली, पट्टा बदलला, पात्यांना धार लावली. धार लावून काय उपयोग म्हटलं, ते बंद पडतंय, बोथट थोडंच झालंय. तर म्हणाले, हात घातलाच आहे तर होऊन जाऊ दे. कार्बोरेटर पुन्हा निघाला. एवढा वेळ यांनी माझ्या दुखण्यात घातला असता तर मी आज डोंगर चढले असते.

मी विचारलं होतं, स्विच बघितला का. स्विचला काय झालंय, म्हणाले, आणि स्प्रिंग मी स्वतः बसवली आहे, तिच्यात खोट निघायची नाही. एवढं बोलून फडक्याने हात पुसत बसले. त्यांची बोटं तेव्हा माझ्या नजरेत भरली. अंगठी सुतळी गुंडाळून घातली होती.

शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. गल्लीत त्यांना हवामान खातं म्हणतात, कारण ते रोज सकाळी आभाळाकडे बघून पावसाचं सांगतात आणि रोज चुकतात. बसल्या जागी आयुष्य गेलेला माणूस, देह दांडगा. एकदा ते आले आणि म्हणाले, बघू तरी काय म्हणतंय तुमचं. बसले, किल्ली फिरवली, पाती जोडली, आणि यंत्र झोकात कुंपणापर्यंत जाऊन वळून परत आलं. हवामान खातं खुशीत. म्हणाले, चालतंय की, तुम्हालाच कंटाळलंय ते. हेही हसले. मग हे बसले आणि यंत्र आचके देऊन बंद पडलं. हवामान खात्याने आभाळाकडे बघितलं. पाऊस येईल म्हणाले आणि घरी गेले.

तरीही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, असं मीच ठरवून बसले होते.

मग एका दुपारी हे पाणी प्यायला आत गेले. मी वाळत घातलेले कपडे काढून येत होते, गुडघे बोलायला लागले होते, म्हणून टेकले त्या सीटवर. टेकल्यावर काय मनात आलं कोण जाणे. इतकी वर्षं बघतेच आहे, त्यात अवघड ते काय, म्हटलं. किल्ली फिरवली, ब्रेक सोडला, दांडा ओढला. पोटाखाली पाती घुमायला लागली आणि यंत्र मला घेऊन निघालं. मांडीवर कपड्यांचा ढीग, आणि मी बाई गवत कापत चालले आहे. घाबरून किल्ली बंद केली तेव्हा मागे कापलेल्या गवताचा स्वच्छ पट्टा पडला होता. वळून बघितलं तर हे दारात उभे, हातात पाण्याचं भांडं. मला वाटलं होतं, आनंदाने ओरडतील. त्यांनी भांडं कठड्यावर ठेवलं आणि पाना घेऊन पुन्हा कार्बोरेटर उघडायला बसले. मला त्याचा राग आला, पण अर्थ लागला नाही.

अर्थ लागला तो यांची पँट उसवताना. तीच नव्याने बेतलेली पँट पुन्हा सैल झाली होती. कंबरेतून काढलेली पट्टी माझ्या हातात होती, चांगली हातभर रुंद वाटली मला. मी ती तळहाताला गुंडाळत होते आणि मनात हिशेब लागत गेला. हवामान खातं बसलं, चाललं. मी बसले, चाललं. आम्ही दोघंही वजनदार. आणि ज्याच्या मापाने ती स्प्रिंग बसवली होती, तो माणूस आता त्या मापाचा राहिलाच नव्हता. यंत्राला काही धाड भरलेली नव्हती. ते यांना ओळखत नव्हतं, एवढंच. मी पट्टी डब्यात टाकली आणि कितीतरी वेळ नुसतं शिलाईयंत्राचं चाक फिरवत बसले, सुईत दोरा नसताना.

सांगायचं कसं? तुम्ही इतके सुकलात की तुमचंच यंत्र तुम्हाला माणूस धरत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं असतं तर हा माणूस खचून अंथरूण धरणार, की हट्टाने ती स्प्रिंग काढून दुसरी शोधायच्या नादात आणखी महिने घालवणार, याचा भरवसा नव्हता. स्विचला तार बांधून ठेवावी असं एकदा मनात आलं. पण ती रुमालातली बोटं आठवली. यांनी तार बघितली असती तर यंत्राला पुन्हा हात लावला नसता. मला यंत्र चालायला हवं होतं, यांच्या खाली, एका दमात. म्हणजे यांना शब्दाला जागावं लागलं असतं.

मी जाड कॅनव्हास घेतलं, सीटच्या मापाने पिशवी बेतली, दुहेरी शिवण घातली. हवामान खात्याच्या अंगणात भिंतीच्या कामाची वाळू पडली होती, ती मागून आणली. कशाला म्हणाले, कुंड्यांना म्हटलं. पत्र्याच्या डब्याने वाळू पिशवीत ओतली, वरून फोमचा थर दिला, तोंड शिवलं. हाडं टोचतात म्हणता ना, असं म्हणत ती यांच्या सीटवर टाकली. हे बसले.

त्या दिवशी यंत्र पाती फिरवत थोडं पुढे गेलं आणि बंद पडलं. पण गेलं होतं. मी उशी उचलून आत आणली, बाहेर ओल लागते म्हणून, असं मीच मोठ्याने सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. मग शिवण उसवली, वाळू ओतली, पुन्हा शिवली. दुसऱ्या खेपेला झाडापर्यंत गेलं. खड्ड्यावर बंद. पुन्हा उसवलं, पुन्हा ओतलं. ती उशी उचलून आत-बाहेर करायची म्हणजे माझी कंबर मोडायची, पण यांना मी हात लावू द्यायची नाही.

मधेच एकदा यंत्र छान कुंपणापर्यंत चाललं आणि मी मनात म्हटलं, जमलं. यांनाच त्या दिवशी दम लागला, म्हणून राहिलेलं पुढच्या आठवड्यावर ढकललं. पुढच्या आठवड्यात त्याच उशीवर हेच बसले आणि यंत्र झाडाशी बंद पडलं. मी तिथेच पायरीवर खाली बसले. वाळू तेवढीच होती. हे तेवढे नव्हते. त्या दिवशी डब्याने वाळू ओतताना मला रडू फुटलं आणि आवरलं नाही. ओतत होते आणि रडत होते.

शेवटी तो दिवस आला. हे बसले, किल्ली फिरवली, आणि यंत्र वरच्या कडेपासून निघालं ते थांबलं नाही. खड्डे गेले, झाड गेलं, कुंपण गेलं, वळण गेलं. सगळा उतार पट्ट्यापट्ट्याने स्वच्छ होत गेला. हे ताठ बसले होते, टोपी मागे सारून, मैदानावर बसायचे तसे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि हातातलं भांडं घासून घासून झिजवत होते. शेवटचा कोपरा झाला. यंत्र दाराशी आलं, हे उतरले, आणि उतरता क्षणी इंजिन बंद झालं, जसं व्हायला हवं तसंच. मी पदराला हात पुसत बाहेर आले. उशी उचलायला वाकणार, तोच यांनी हात आडवा धरला.

यांनी ती उशी स्वतः उचलली. पहिल्या झटक्यात निघाली नाही. मग दोन्ही हात खाली घालून, गुडघे वाकवून, छातीशी घेऊन उभे राहिले. हातांच्या शिरा टरारून वर आल्या. पाय थरथरत होते, पण सोडेनात.

"एवढा गेलो का गं मी?" त्यांनी विचारलं.



"रोज जड होत होती," ते म्हणाले. "बसल्यावर कळायचं मला."

मग मला कळलं, आणि अंगाचा असा भडका उडाला की सांगते, इतक्या वर्षांत यांच्यावर असा राग आला नव्हता. मी विचारलं, स्प्रिंगचं तुम्हाला माहीत होतं? आधीपासून? त्यांनी मान हलवली. मागच्या मोसमात पहिल्यांदा खड्ड्यावर बंद पडलं तेव्हाच कळलं होतं, म्हणाले.

"मग तो कार्बोरेटर कशाला काढत बसलात मेला?"

"काहीतरी बिघडलेलं असायला हवं होतं ना," ते म्हणाले. "दुरुस्त होणारं."

मी त्यांच्या हातातली उशी घ्यायला गेले, तर देईनात. आम्ही दोघं ती मधे धरून उभे राहिलो. गवताचा ओला वास सगळीकडे सुटला होता. मी त्यांना त्या दिवशी जे जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, उद्या जाऊ, शब्द दिलाय.

दुसऱ्या दिवशी निघताना उशी घे म्हणाले. मला वाटलं, दवाखान्यातल्या बाकावर बसायला हवी असेल. आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या, प्रेमळ, सगळं नीट विचारून घेणाऱ्या. वजन किती कमी झालं असेल अंदाजे, त्यांनी विचारलं. हे मला म्हणाले, ठेव. मी ती उशी काट्यावर ठेवली. बाई आधी हसल्या, त्यांना वाटलं म्हातारा गमत्या आहे. मग काट्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि हसू थांबलं. उशी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून बाजूला ठेवली.

पुढच्या तपासण्या झाल्या, फोटो निघाले, सुया टोचून झाल्या. ठेवून घेतलं नाही, एवढं यांच्या मनासारखं झालं. ठेवून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून ठेवून घेतलं नाही, हे बाईंनी मला बाहेरच्या खोलीत, हात हातात घेऊन सांगितलं. आणि मी न विचारताच हेही सांगितलं, की मागच्या वर्षी आला असता तर करण्यासारखं काही होतं. मी घरी येऊन ते कोणाला सांगितलं नाही. यांनी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच, त्यांना माहीत होतं.

लेक आली, राहिली. यांची खाट आम्ही मागच्या दारापाशी घेतली. गवत पुन्हा वाढलं, तेव्हा यांनी मला यंत्राकडे बोट दाखवलं. मी बसले. उशी लागली नाही. हे खाटेवरून हाताने सांगायचे, इकडे सुटलं, तिकडे वळव, आणि माझा पट्टा वाकडा गेला की कपाळाला हात लावायचे. एकदा लेक म्हणाली, बाबा, आता तुमच्याशिवाय आईचंही ऐकतंय की ते. यांना ते फार आवडलं. पुढे बोट उचलणंही होईना, मग नुसते डोळ्यांनी सांगायचे.

गवत अजून मीच कापते. यंत्र एकदाही बंद पडलेलं नाही. हवामान खातं कुंपणाशी उभं राहून पावसाचं सांगतं, मी हो म्हणते.

लेक मागे लागली आहे, की ती वाळू आता ओतून टाक, नुसती जागा अडवते. ओतवत नाही. ती माझ्या शिलाईयंत्राच्या शेजारी असते, आणि झाडताना मी ती रोज उचलते. यांना घरातून खांद्यावरून नेलं त्या दिवशी माणसं खूप आली होती, गल्लीच्या टोकापर्यंत. पण ते नेलं ते उरलेलं होतं. बाकीचे हे त्याआधीच गेले होते, थोडे थोडे करून, आणि ते जात होते तेव्हा मी एकटीच होते, हातात पत्र्याचा डबा घेऊन.